नवे कलावंत व जुने घर

'मोठेपणी तू कोण होणार?' हा प्रश्न मुलांस विचारण्याचा प्रघात आपल्याकडे फार जुना आहे आणि त्याची ठरावीक उत्तरेही तितकीच जुनी आहेत. डॉक्टर, वकील, इंजिनियर, प्राध्यापक यांपैकी एखादे नाव मुलाने उच्चारले म्हणजे आजोबा संतोषाने मान डोलावतात आणि आजी त्याच्या तळहातावर साखर ठेवते. अलीकडे मात्र कित्येक घरांत या प्रश्नास निराळेच उत्तर मिळू लागले आहे. 'मी चित्रपट काढणार', 'मी लोकांना हसवणार', 'मी यूट्यूबवर व्हिडिओ करणार' असे मूल म्हणते. आणि एखादे तर चाके लावलेल्या फळीवरून, म्हणजे स्केटबोर्डवरून, उड्या मारण्यातच जन्माचे सार्थक मानते. हे ऐकताच घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, मुलगा वाया गेला. दुसरा म्हणतो, काळच तसा आहे, करू द्या त्याला. आमच्या मते हे दोन्ही पक्ष विचाराचे श्रम टाळतात. पहिला न पाहता नाकारतो, दुसरा न पाहता परवानगी देतो, आणि मूल दोन्हीकडून एकटेच राहते.

हा वाद केवळ तर्काने मिटणारा नाही. ज्यांनी असल्या नव्या व अप्रतिष्ठित वाटा चोखाळल्या त्यांची चरित्रे समोर ठेवून पाहिले, तर काही उजेड पडण्याचा संभव आहे. म्हणून आमच्या मनास ज्यांनी उभारी दिली अशा काही कलावंतांविषयी येथे चार शब्द लिहिण्याचे योजिले आहे. त्यांतील काही दिवंगत आहेत, काही आज हयात आहेत. एक तर अजून लहान वयाचीच म्हणावी लागेल. त्या सर्वांत आम्हांस एक समान धागा दिसतो, आणि तो धागा घराच्या उंबरठ्याच्या आतूनच निघालेला आहे.

प्रथम धुंडिराज गोविंद फाळके. त्र्यंबकेश्वरी ३० एप्रिल १८७० रोजी जन्मलेला हा मुलगा एका संस्कृत पंडिताचा. वडिलांच्या विद्येचा वारसा चालवून त्याने शास्त्री व्हावे, अशीच कोणाचीही अपेक्षा असती. पण तो १८८५ साली मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेला, पुढे बडोद्याच्या कलाभवनात शिकला, छायाचित्रकार झाला, पुराणवस्तुखात्यात नोकरीस लागला, ती सोडून त्याने छापखाना काढला, आणि मध्यंतरी जादूचे प्रयोगही केले. आपले आडनाव उलटे फिरवून 'प्रोफेसर केल्फा' या नावाने तो ते प्रयोग करीत असे. आजचा एखादा काका हे चरित्र ऐकून 'एका धंद्यावर मन ठरत नाही' असाच शेरा मारील. वस्तुतः ही सर्व निरनिराळ्या शाळांतील हजेरी होती. चित्रकला, छायाचित्रण, रसायने, मुद्रण आणि दृष्टिभ्रम या पाचही विद्या पुढे एकाच कामी यावयाच्या होत्या. वय चाळिशीच्या घरात आले तेव्हा त्यांनी गिरगावात ख्रिस्तचरित्राचा चित्रपट पाहिला, आणि पडद्यावर आपले राम व कृष्ण केव्हा दिसतील या एका ध्यासाने त्यांना पछाडले.

पुढील हकीगत बहुतेकांस ठाऊक आहे. पण तीत घराचा भाग किती होता, तिकडे पुरेसे लक्ष जात नाही. फाळक्यांनी विम्याची पॉलिसी तारण ठेवली. रात्र रात्र जागून केलेल्या प्रयोगांनी त्यांचे डोळे इतके अधू झाले की काही काळ दिसेनासे झाले. फेब्रुवारी १९१२ मध्ये ते लंडनला गेले, तेथे सेसिल हेपवर्थ या चित्रपटकाराच्या कारखान्यात काम पाहिले, आणि विल्यमसन कंपनीच्या कॅमेऱ्याची मागणी नोंदवून परत आले. भांडवल देणाऱ्यांची खात्री पटावी म्हणून त्यांनी कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरला व तो उगवून वेल होईपर्यंतची थोडी थोडी चित्रे दररोज घेतली. पडद्यावर महिन्याभराची वाढ काही क्षणांत झालेली पाहून पैसा पुरविणारे पुढे आले. एक दाणा, एक कुंडी आणि रोज न चुकता केलेले थोडेसे काम एवढ्यावर आपल्या देशातील एका मोठ्या धंद्याचा पाया पडला, हे मुलांस अवश्य सांगावे.

'राजा हरिश्चंद्र' तयार होण्यास सहा महिने सत्तावीस दिवस लागले आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशन थिएटरात तो लोकांसाठी लागला. या जवळजवळ सात महिन्यांत दादरच्या त्या घरात काय चालले होते? सरस्वतीबाई फाळके साठसत्तर माणसांचा स्वयंपाक करीत होत्या. दुपारच्या उन्हात पांढऱ्या चादरी धरून त्या नटांच्या तोंडावर प्रकाश पाडीत. रात्री अंधाऱ्या खोलीत कोऱ्या फिल्मच्या कडांस छिद्रे पाडण्याचे व रसायनांत फिल्म धुण्याचे काम त्या पतीबरोबर करीत. हे काम त्या काळी या देशात करणारी दुसरी स्त्री आमच्या ऐकण्यात नाही. रोहिदास झाला तो त्यांचाच मुलगा भालचंद्र. तारामतीसाठी मात्र बाई मिळाली नाही. चेहऱ्याला रंग फासून पडद्यावर येणे हे कोणत्याही स्त्रीस तेव्हा लांच्छन वाटे. अखेर एका उपाहारगृहात दहा रुपये पगारावर असलेला अण्णा साळुंके नावाचा आचारी पंधरा रुपयांवर तारामती झाला. हाच साळुंके १९१७ च्या 'लंकादहना'त राम आणि सीता या दोन्ही भूमिकांत शोभला. वांगणीस चित्रण चालले असता ढालतलवारी घेतलेली ही मंडळी पाहून गावकऱ्यांस दरोडेखोरच आल्याचा भास झाला आणि अधिकाऱ्यांची समजूत पटवताना बराच वेळ गेला, ही गंमतही त्याच दिवसांतली.

सरस्वतीबाईंचे नाव पडद्यावर झळकले नाही. फाळक्यांच्या नावाने आज पुरस्कार दिला जातो. ज्या हातांनी चादर धरली त्यांचे स्मरण मात्र क्वचितच होते. आमच्या मते नव्या कलावंताच्या चरित्रात पहिला प्रश्न हाच विचारावयास हवा: चादर कोणी धरली? ज्याच्यासाठी कोणीच चादर धरली नाही, त्याचे तोंड अंधारात राहते. आणि ज्याने चादर धरणाऱ्याचे स्मरण ठेवले नाही, त्याचे यश अर्धेच म्हणावयाचे.

फाळक्यांची मुलगी मंदाकिनी १९१९ च्या 'कालिया मर्दन'मध्ये बाळकृष्ण झाली. त्या चित्रपटाचा आरंभ मोठा मनोवेधक आहे. कथा सुरू होण्यापूर्वी ही सहासात वर्षांची चिमुरडी निव्वळ आपल्या चेहऱ्यावर निरनिराळे भाव आणून दाखविते, आणि मग तीच कृष्णरूपात प्रकट होते. सुदैवाने ते चित्रण आजही पाहावयास मिळते. मुलगी असून तिला पडद्यावर उभे करण्याचे धैर्य तेव्हाच्या ब्राह्मण बापाने दाखविले, आणि ते खोलीत लपवून नव्हे, तर 'ही माझी मुलगी आणि हे तिचे कसब' असे जणू सर्वांस सांगून. आपल्या घरातील एखाद्या मुलीस असा उघड पाठिंबा मिळतो काय, याचा विचार प्रत्येक कर्त्या पुरुषाने करावा.

येथे दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. भालचंद्र चित्रणाच्या ठिकाणी खेळता खेळता खडकावर पडला व बेशुद्ध झाला, तेव्हा फाळक्यांनी त्याच स्थितीत रोहिदासाच्या मृत्यूचे दृश्य उरकून घेतले, असे सांगतात. ध्यासाचे हे रूप आम्हांस पूज्य वाटत नाही. फाळक्यांस पैसाही टिकवता आला नाही. भागीदारांशी त्यांचे बिनसले, बोलपट आल्यावर त्यांची कला मागे पडली, आणि १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला त्यांचे देहावसान झाले तेव्हा ते विपन्नावस्थेत होते. कलेची वाट सरळ लक्ष्मीच्या देवळात जाते अशी ज्यांची समजूत असेल, त्यांनी आद्य चित्रपटकाराच्या या शेवटाकडे अवश्य पाहावे.

आता विनोदाकडे वळू. हसवणाऱ्यास आपल्या समाजाने प्रेम पुष्कळ दिले, पण पाट मात्र दाराजवळचा मांडला. भरतमुनींच्या नाट्यशास्त्राच्या अखेरीस यासंबंधी एक विलक्षण कथा आहे. नाट्यविद्येत पारंगत झालेल्या भरतपुत्रांनी प्रहसने रचली आणि त्यांत ऋषींची टवाळी केली. ऋषी संतापले व त्यांनी शाप दिला की तुमचे ब्राह्मण्य नष्ट होईल. पुढे नहुष राजाच्या विनंतीवरून हीच मंडळी पृथ्वीवर आली आणि त्यांच्यामुळेच मर्त्य मानवांस नाट्य लाभले. ज्या शास्त्राचा आरंभ नाट्यास पंचम वेद म्हणून होतो, त्याच्या शेवटी ही कथा असावी, यात ग्रंथकाराची थोर दृष्टी दिसते. विनोदकाराचा अविनय आणि श्रोत्यांचा क्रोध हे दोन्ही धोके तो जाणून होता. आज एखाद्या विनोदी प्रयोगावरून गदारोळ उठतो तेव्हा आम्हांस ही कथा आठवते. टवाळी उथळ होती काय, हे विचारावयास हवेच. पण शाप जरा अधिक तर झाला नाही ना, हेही विचारावयास हवे.

याच शास्त्रात हास्याचे स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित व अतिहसित असे सहा प्रकार सांगून पहिले दोन उत्तमांचे, मधले दोन मध्यमांचे व शेवटचे दोन अधमांचे ठरविले आहेत. आत्मस्थ आणि परस्थ असाही भेद तेथे आहे: स्वतः हसतो ते आत्मस्थ, दुसऱ्यास हसवितो ते परस्थ. या भेदास आम्ही आपल्या पदरचा थोडा अर्थ जोडतो. जो आधी स्वतःस हसू शकतो त्यानेच दुसऱ्यास हसविण्याचा अधिकार मिळविला, असे आम्ही समजतो.

या अधिकाराचा उत्तम पुरुष आमच्या वऱ्हाडानेच पाहिला. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर यांचा जन्म १८७१ साली नागपुरास झाला. पुढे ते खामगाव व जळगाव-जामोद येथे वकिली करीत. पुण्यामुंबईपासून दूर, कज्जेदलालीच्या गराड्यात राहून या गृहस्थाने १९०२ च्या सुमारास विनोदी लेख लिहिण्यास प्रारंभ केला. ते लेख 'सुदाम्याचे पोहे' या नावाने पुढे ग्रंथरूप झाले. त्यांतील सुदामा, बंडूनाना व पांडूतात्या ही त्रिमूर्ती कोणी परक्या जातीची वा परक्या गावची नव्हे. आपल्याच माजघरातील रूढी, सणवार, लग्नव्यवहार व पोकळ विद्वत्ता यांची थट्टा आपल्याच पंक्तीस बसून त्यांनी केली. सुदामा दुसऱ्याचे व्यंग दाखविताना स्वतःच अधिक हास्यास्पद होतो, म्हणून त्याचा राग येत नाही. राम गणेश गडकऱ्यांनी कोल्हटकरांस गुरू मानले, आणि तेथून हा प्रवाह चिंतामण विनायक जोशी, आचार्य अत्रे, पु. ल. देशपांडे असा वाहत आला. जोशांचा चिमणराव १९४० साली 'लग्न पहावं करून' या बोलपटात अवतरला आणि पुढे दूरदर्शनवरही आला. आता तेच माजघर, तीच आई व तोच लाडावलेला मुलगा मोबाईलच्या पडद्यावर दिसतात. २०१६ साली सुरू झालेल्या 'भाडिपा' या मराठी मंडळाच्या विनोदी चित्रणांस घरोघर जे हसू येते, ते आपल्याच घरातील बोलणे ओळखू आल्याचे हसू आहे. कागद गेला, पडदा आला, पडदा तळहाताएवढा झाला. पण आपल्याच पंक्तीस बसून केलेली थट्टा अजून तशीच रुचते.

पंक्तीचा विषय निघाला म्हणून एका आजीबाईंची गोष्ट सांगतो. अहिल्यानगर जिल्ह्यातील सारोळा कासार या गावी सुमन धामणे नावाच्या सत्तरीच्या बाई राहतात. शाळेचे तोंड त्यांनी पाहिले नाही. त्यांच्या नातवाने एकदा पावभाजी करण्याचा हट्ट धरला आणि कृती समजावी म्हणून मोबाईलवर एक चित्रण दाखविले. ते पाहून आजी म्हणाल्या की याहून चांगली मी करीन. आणि त्यांनी ती केली. यातूनच नातवास कल्पना सुचली आणि २०२० च्या सुमारास 'आपली आजी' या नावाने त्यांच्या पाककृती जगापुढे येऊ लागल्या. कॅमेऱ्यासमोर बोलण्याचा संकोच, सॉस व बेकिंग पावडर असल्या परक्या शब्दांची अडचण, हे सर्व नातवाने धीर देऊन दूर केले. कारल्याच्या भाजीसारखी साधी भाजी लक्षावधी लोकांनी पाहिली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात कोणा चोराने त्यांची यूट्यूबवरील जागाच ताब्यात घेतली. ती काही दिवसांनी परत मिळाली आणि चूल पुन्हा पेटली.

या गोष्टीने आमच्या मनावर जो परिणाम केला तो पाककृतींमुळे नव्हे. येथे शिष्य आणि गुरू यांची जागा दररोज बदलते. आजी मसाल्याचे प्रमाण शिकविते, नातू यंत्राचे तंत्र शिकवितो, आणि दोघांपैकी कोणीही लहान होत नाही. फाळक्यांच्या घरात चादर स्त्रीच्या हाती होती व नाव पुरुषाचे झाले. सारोळ्यात मोबाईल नातवाच्या हाती आहे आणि नाव आजीचे झाले आहे. शंभर वर्षांत एवढा फरक पडला असेल तर तो शुभ आहे.

राहता राहिली चाकांची फळी. हा खेळ आम्हां जुन्या माणसांस हाडे मोडून घेण्याचा निव्वळ उद्योग वाटतो. पण तोकियोच्या ऑलिंपिक सामन्यांत, जे २०२१ साली भरले, त्यास प्रथमच स्थान मिळाले आणि जपानच्या मोमिजी निशिया या अवघ्या तेरा वर्षांच्या मुलीने सुवर्णपदक जिंकले. पुढच्याच वर्षी गुजराथेत झालेल्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांत पुण्याच्या श्रद्धा गायकवाड हिने या खेळाचे सुवर्णपदक महाराष्ट्रास मिळवून दिले. तिचे वडील पहारेकऱ्याचे काम करीत. या खेळाचे मर्म पडण्यात आहे. एक उडी साधण्यापूर्वी शेकडो वेळा पडावे लागते, आणि तेही घरात दार लावून नव्हे, चारचौघांच्या देखत. आपल्या परीक्षापद्धतीत नापास होणे हा कलंक समजला जातो. येथे पडणे हाच अभ्यास आहे. चक्रव्यूह भेदण्यास शिकलेल्या अभिमन्यूस बाहेर पडणे शिकविले गेले नव्हते. या मुली आधी पडावे कसे हे शिकतात आणि मग उडतात. गीर्वाणभाषेचे नियम घोकण्यात ज्यांचा जन्म गेला त्या आम्हांस हे शिक्षण परके वाटत नाही. संधी शंभर वेळा चुकल्यावाचून कोणासही साधलेला नाही.

आमचे पुसद हे डोंगरांच्या कुशीत, पूस नदीच्या काठी वसलेले गाव. येथून जवळच गहुली हे वसंतराव नाईकांचे जन्मग्राम, आणि अवतीभोवती बंजारा बांधवांचे अनेक तांडे. होळीच्या दिवसांत तांड्यांवर लेंगी गीते म्हटली जातात. ती भाषा पिढ्यानपिढ्या मुखोद्गतच राहिली. तिच्या गाण्यांस छापखाना क्वचितच लाभला. आता तांड्यावरची तरुण मुले तीच गाणी मोबाईलवर चित्रित करून दूरदेशी कामास गेलेल्या आपल्या माणसांस ऐकवितात. वऱ्हाडी बोलीतील खुसखुशीत संवादही असेच घरोघर पोचतात. ज्या बोलीस शुद्धलेखनाच्या वहीत आम्ही तांबडी रेघ ओढीत आलो, तिच्यात हसणारा श्रोतृवृंद केवढा आहे हे या नव्या साधनाने दाखविले. मुद्रणालय, नाटकगृह व चित्रपटगृह ही शहरांची मिरास होती. हे साधन मात्र तालुक्याच्या गावी आणि तांड्यावरही त्याच क्षणी पोचले. म्हणून यास केवळ पोरखेळ म्हणणे आम्हांस रास्त वाटत नाही.

तथापि यूट्यूबवर दिसते ते सर्व कला नव्हे, आणि घरात एकत्र बसून पाहण्याजोगे तर सर्व खासच नव्हे. पाहणाऱ्यांचा आकडा हाही एक नवा कैफ आहे. काल दहा हजारांनी पाहिले आणि आज दोनशेच लोकांनी पाहिले, एवढ्यावरून कोवळी मुले खिन्न होतात. शिवाय हजारात एखाद्यासच यातून उपजीविका साधते. तेव्हा घरातील वडीलधाऱ्यांनी काय करावे? आमची नम्र सूचना अशी की मुलास 'किती लोकांनी पाहिले?' असे न विचारता तीन निराळे प्रश्न विचारावेत.

पहिला, 'तू रोज काय करतोस?' वाटाण्याच्या रोपाचे चित्र दररोज घेण्याचा नेम ज्याच्या अंगी आहे, त्याच्या छंदास विद्या म्हणावे. ज्याच्या अंगी नाही, त्याच्या छंदास करमणूक म्हणावे व तेवढाच वेळ द्यावा. दुसरा, 'तू कोणास हसतोस?' उत्तर 'स्वतःस' किंवा 'आपणा सर्वांस' असे आले तर निर्धास्त असावे. दुबळ्यास, व्यंग असलेल्यास वा अनुपस्थितास हसण्यावर चाललेला खेळ मात्र त्याच दिवशी बंद करावा. तिसरा प्रश्न, 'पडलास तर उठवायला कोणास बोलावशील?' या प्रश्नाचे उत्तर मुलाने द्यावयाचे नसून घराने द्यावयाचे आहे. 'घरीच येईन' असे म्हणण्याचे धैर्य त्याला वाटले पाहिजे. परीक्षेचा अभ्यास सांभाळून, पोटापाण्याची एक दुसरी विद्या हाताशी ठेवून, त्याने हा प्रयोग करावा, असे ठरविण्यास कोणतीच हरकत नसावी. कोल्हटकरांनी वकिली सोडली नाही आणि विनोदही सोडला नाही.

एकत्र कुटुंबाची बंधने तरुणांस जाचक होतात, ही तक्रार आम्ही पुष्कळ ऐकतो आणि तीत तथ्यही आहे. परंतु ज्या कलेस एका वेळी अनेक हात लागतात, तिला एकत्र घराइतकी सोयीची जागा दुसरी नाही. येथे स्वयंपाक करणारी काकू आहे, गोष्ट सांगणारे आजोबा आहेत, तारामती होण्यास तयार असलेला एखादा भाऊ आहे, आणि चूक दाखविण्यास तर सर्वच आहेत. परीक्षा संपून सुट्टी लागली म्हणजे आपल्या घरातील मूल मोबाईल घेऊन अंगणात उभे राहील. ऊन कोणत्या बाजूने येते ते पाहावे, कपाटातून एक पांढरी चादर काढावी, आणि तिचे एक टोक घरातील कर्त्या माणसाने स्वतः धरावे.